महाडची अफवा आणि बाबासाहेबांमधला मानववंशशास्त्रज्ञ

दरवर्षी १९ आणि २० मार्चला आमच्या कळंबोलीतून महाडला गाड्या निघतात. लोखंड बाजारातले माथाडी कामगार, सिडकोच्या वसाहतीतली कुटुंबे, कॉलेजची मुले-मुली असे सगळे त्यात असतात. पळस्पे फाटा मागे पडून गाडी गोवा रस्त्याला लागली की भीमगीते सुरू होतात. चवदार तळ्याची गोष्ट गाडीतल्या लहान मुलांनाही पाठ असते. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची बंदी मोडली.

या गोष्टीचा एक भाग मात्र आपण घाईघाईने सांगून मोकळे होतो. पाणी पिऊन झाल्यावर साधारण दोन तासांनी महाड गावात एक अफवा पसरली. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत, अशी ती अफवा होती. ती खोटी होती. तरीही तिच्यावर विश्वास ठेवून, किंवा ठेवल्याचे सांगून, लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मंडपावर चालून आला.

मी समाजशास्त्रात एम. ए. केले आणि गेली काही वर्षे सामाजिक काम करते. जातीय तणाव झालेल्या वस्त्यांमध्ये जावे लागते, लोकांशी बोलावे लागते, अहवाल लिहावा लागतो. प्रत्येक ठिकाणी मारहाणीच्या आधी किंवा लगेच नंतर एक गोष्ट तयार झालेली सापडते. त्यांनी आधी छेड काढली, त्यांनी स्टेटस ठेवले, त्यांची मिरवणूक मुद्दाम इकडून आली. मार खाल्लेला माणूस बोलायला लागेपर्यंत ती गोष्ट चहाच्या टपरीपासून पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचलेली असते. अशा वेळी मला बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक धागा फार उपयोगी पडतो. ते अर्थशास्त्रज्ञ होते, कायदेपंडित होते, संविधानाचे शिल्पकार होते, हे आपण सांगतो. ते मानववंशशास्त्राचे विद्यार्थी होते, हे क्वचित सांगतो. माणसे कशी जगतात, कोणाशी लग्न करतात, कोणाबरोबर जेवतात आणि या सगळ्याबद्दल स्वतःला काय समजावतात, याचा अभ्यास म्हणजे मानववंशशास्त्र. हिंसेच्या वेळी फिरणारी गोष्ट कशी तपासायची, हे बाबासाहेब या शास्त्राच्या मदतीने शिकले आणि आयुष्यभर वापरत राहिले.

मसूर स्टेशनवरचा एक शब्द

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सुभेदार होते. मूळ गाव कोकणातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. पुढे कुटुंब साताऱ्यात राहिले आणि वडील नोकरीनिमित्त खटाव तालुक्यातील गोरेगावला गेले.

१९०१ च्या सुमारास, भीमराव नऊ वर्षांचे असताना, भावंडांसह वडिलांकडे जायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांना पत्र मिळाले नव्हते, त्यामुळे घ्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे कपडे चांगले होते. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली आणि त्याने आपुलकीने चौकशी केली. कोणाची मुले, असे विचारल्यावर भीमरावांच्या तोंडून महार हा शब्द निघाला आणि मास्तरचा चेहरा पालटला. गाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि अट अशी की मुलांनी गाडी हाकायची, गाडीवान पायी चालणार. सोबत खायला होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही.

मुले तीच होती, कपडे तेच होते. एका शब्दाने समोरच्या माणसाच्या मनातली गोष्ट बदलली आणि त्या गोष्टीने मुलांचे पाणी तोडले. हा प्रसंग बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात लिहून ठेवला. त्यात रडगाणे नाही. कोण काय बोलला, कोणी काय केले, कोणत्या क्षणी वागणे बदलले, हे सगळे क्रमाने येते. क्षेत्रभेटीची टिपणे कशी लिहावीत, हे शिकायचे असेल तर तरुण कार्यकर्त्यांनी ते लेखन वाचावे.

न्यूयॉर्कचा वर्ग

१९०७ मध्ये मॅट्रिक, १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. आणि १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. तिथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. सोबत इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्रही त्यांनी घेतले.

त्या काळात कोलंबियातल्या मानववंशशास्त्राचे प्रमुख नाव फ्रांझ बोआस हे होते. माणसाच्या डोक्याचा आकार, नाकाची ठेवण यावरून कोणता समाज श्रेष्ठ आणि कोणता कनिष्ठ ठरवण्याची तेव्हा चाल होती. बोआस यांनी अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांची मापे घेऊन दाखवले की परिस्थिती बदलली की ही मापेही बदलतात. त्यांचेच विद्यार्थी अलेक्झांडर गोल्डनवायझर हे कीव्हमध्ये जन्मलेले अभ्यासक. त्यांच्या अभ्यासवर्गात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात छापून आला.

सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर अशा जातीवर लिहिणाऱ्या चार अभ्यासकांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या. त्यांचे म्हणणे असे की जातीचे मर्म जातीतच लग्न करण्याच्या सक्तीत आहे. ही सक्ती टिकवायची तर गटातल्या बायका आणि पुरुषांची संख्या जुळलेली राहायला हवी. नवरा मेला की बाई उरते, बायको मेली की पुरुष उरतो. उरलेल्या बाईने गटाबाहेर लग्न केले तर भिंत फुटते. म्हणून सती, म्हणून सक्तीचे वैधव्य. उरलेल्या पुरुषाला गटातच बायको हवी, म्हणून लग्नाच्या वयाला न आलेल्या मुलीशी विवाह.

आपल्या विषयासाठी या निबंधातला पुढचा मुद्दा सगळ्यात मोलाचा आहे. सतीचे आणि वैधव्याचे गोडवे गाणाऱ्या कथा, पतिव्रतेचा महिमा, त्यागाचे तत्त्वज्ञान हे त्या प्रथांचे कारण आहे असे लोक समजत होते. भीमरावांनी क्रम उलटा लावला. प्रथा आधी गरजेपोटी आली आणि तिला शोभा देणारी कथा मागाहून रचली गेली. कथा ऐकून प्रथेचे कारण कळत नाही. कारण शोधायचे तर प्रथेने कोणाचे काय राखले जाते ते पाहावे लागते.

आधी कृती, मग तिला साजेशी गोष्ट. न्यूयॉर्कच्या वर्गात सापडलेले हे सूत्र अकरा वर्षांनी महाडच्या रस्त्यावर त्यांच्यासमोर उभे राहणार होते.

बडोद्यातले अकरा दिवस

त्याआधी बडोदा आले. १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात आले आणि त्याच दिवशी जागा सोडायला लावली. कामाठी बागेत वेळ काढून ते संध्याकाळच्या गाडीने मुंबईला परतले.

तोवर त्यांना वाटत होते की अस्पृश्यता ही हिंदूंपुरती बाब असावी. त्या दिवशी दिसले की शिवाशिवीची गोष्ट एका धर्माच्या लोकांनी रचली तरी शेजारी राहणारे दुसरे लोकही ती उचलतात. कोणताही ग्रंथ न वाचता माणसे ती एकमेकांकडून शिकतात. जात अनुकरणातून पसरते, हे त्यांनी निबंधात मांडले होतेच. आता ते अंगावर आले.

२० मार्च १९२७ ची दुपार

१९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पण तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तेव्हाचा कुलाबा म्हणजे आजचा रायगड, आपलाच जिल्हा. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी पुढाकार घेतला होता. अनंतराव चित्रे आणि नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस हे स्पृश्य समाजातले साथीदार सोबत होते. गावोगावचे हजारो लोक आले. त्यांना प्यायला पाणी विकत घ्यावे लागले होते. दुसऱ्या दिवशी शिस्तीत मिरवणूक निघाली, तळ्यावर गेली, बाबासाहेबांनी पाणी घेतले, मग सर्वांनी घेतले. मिरवणूक शांतपणे मंडपात परतली.

मग अफवा आली. लोक परतीच्या तयारीत होते, काही जण जेवत होते. जमाव मंडपात घुसला, अन्नात माती कालवली गेली, रस्त्यात एकट्यादुकट्याला गाठून मारले गेले. काही जणांना मुस्लिम घरांनी आसरा दिला. वीसेक जण गंभीर जखमी झाले. बाबासाहेब सरकारी बंगल्यात होते. आपल्या बाजूलाही चिडलेले तरुण होते, फौजेतून आलेले अनुभवी लोक होते. उलट वार करायचा तर माणसे कमी नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले.

गोष्ट तिथे थांबली नाही. लोक गावी पोहोचण्याआधी निरोप गावोगाव पोहोचले आणि परतणाऱ्यांना तिथेही मार बसला. महाडमध्ये १०८ घागरींतून पंचगव्य ओतून तळ्याची शुद्धी झाली. पुढे खटला चालला आणि जून १९२७ मध्ये नऊपैकी पाच आरोपींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आता १९१६ चे सूत्र इथे लावून पाहा. माझी मांडणी अशी आहे. तळ्यावर पाणी पिण्याला नगरपालिकेच्या ठरावाचा आधार होता. पाणी प्यायले म्हणून मारले, असे उघड म्हणायला जागा नव्हती. देऊळ मात्र प्रत्येकाच्या भावनेचा विषय. देव धोक्यात आहे असे सांगितले की हल्ला करणारा रक्षक ठरतो आणि मार खाणारा आक्रमक ठरतो. अफवेने राग जागवला, आणि त्या रागाला सभ्य कारणही दिले. समानतेचा राग देवाच्या नावावर टाकता आला.

अफवा किती पोकळ होती हे तीन वर्षांनी बाबासाहेबांनीच कृतीने दाखवले. त्यांना मंदिरप्रवेशासाठी लढायचे होते तेव्हा त्यांनी आधी जाहीर केले, तारीख सांगितली आणि २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह उघडपणे सुरू केला. चोरपावलांनी देवळात शिरणे ही त्यांची रीत नव्हती.

जबाबदारी वाटून पाहणारा संपादक

महाडनंतर दोन आठवड्यांतच, ३ एप्रिल १९२७ रोजी, बहिष्कृत भारत सुरू झाले. जखमा ताज्या होत्या. अशा वेळी संपादक आक्रोश करतो किंवा शिव्या देतो. बाबासाहेबांच्या लेखणीलाही धार होती, पण त्यांनी लेखमाला लिहून जबाबदारीची फोड केली. वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी काय, इंग्रज सरकारची काय आणि खुद्द अस्पृश्य वर्गाची काय, असा तिन्ही बाजूंनी विचार केला. सरकारने हक्क द्यायचा आणि बजावण्याच्या वेळी हात वर करायचे, हे त्यांनी दाखवले. आपल्याच लोकांनाही सोडले नाही.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर पुन्हा जाण्याआधी विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला होता. आता गोष्ट बदलली होती. देऊळ मागे पडले आणि नवा दावा आला, की तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव ही फार प्राचीन, अखंड रूढी आहे. म्हणजे पुन्हा तेच झाले. बंदी आधीची आणि तिचे समर्थन प्रसंगानुसार नवे. बाबासाहेबांनी ही रूढीची गोष्ट दहा वर्षे कोर्टात लढवली. कागदपत्रे, तळ्याची मालकी, भोवतालची वस्ती, नगरपालिकेचा कारभार हे सगळे तपासले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी प्राचीन रूढी सिद्ध झालेली नाही. ज्याला सनातन म्हटले जात होते त्याला साधा पुरावाही देता आला नाही.

चाळीसगावचा टांगा

१९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या परिस्थितीची पाहणी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि समिती प्रांतभर फिरत होती. १९२९ मध्ये खानदेशातल्या एका गावी सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला उतरले. तिथल्या वस्तीने आग्रह केला म्हणून मुक्काम ठरला. टांगा यायला उशीर झाला. निघाल्यावर थोड्याच वेळात तो एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा नदीत गेले.

जखमी माणूस हाकणाऱ्याला दोष देऊन मोकळा झाला असता. बाबासाहेबांनी चौकशी केली. कळले ते असे: स्टेशनवरचे टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. पाहुण्याने पायी यावे हे वस्तीला कमीपणाचे वाटत होते. मग तोडगा निघाला की टांगेवाल्याने टांगा द्यावा आणि हाकणारा वस्तीतला असावा. त्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. आपल्या माणसांनी मानाचा विचार केला, जिवाचा विचार राहून गेला, ही गोष्टही त्यांनी नोंदवली. आणि हेही नोंदवले की विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसापेक्षा एक टांगेवाला स्वतःला वरचा समजू शकतो.

एका अपघाताच्या मागे किती थर असतात पाहा. वरवर पाहिले तर घोडा बुजला, माणूस नवखा होता. खाली पाहिले तर शिवाशिव, त्याच्या खाली मान-अपमान, आणि त्याच्याही खाली समाजाची उतरंड. मानववंशशास्त्र असे थर उलगडायला शिकवते.

१९३० मध्ये स्टार्ट समितीचा अहवाल आला. सार्वजनिक विहीर वापरण्यासारखा साधा हक्क बजावला की गावातले बळकट लोक मजुरी तोडतात, रस्ता अडवतात, दुकानातला माल बंद करतात, हे त्यात नोंदले गेले. मारहाणीची बातमी होते. बहिष्कार मात्र शांतपणे चालतो, म्हणून तो शोधून लिहावा लागतो. आपल्या रायगड जिल्ह्यात वाळीत टाकण्याची प्रकरणे गेल्या दशकापर्यंत गाजत होती. त्यांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. अॅट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार स्पष्टपणे आला. स्टार्ट समितीचा अहवाल आणि हे कायदे यांच्यात ऐंशीहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

नाकाच्या मापांची गोष्ट

त्याच काळात आणखी एक मोठी गोष्ट देशभर फिरत होती. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख असलेल्या रिस्ले यांनी नाकाची मापे घेऊन जातींची उतरंड वंशावर बसवली होती. ब्राह्मण आर्य, अस्पृश्य वेगळ्या आणि हीन वंशाचे, अशी ती मांडणी. राज्यकर्त्यांचे मानववंशशास्त्र अशा रीतीने वरच्या जातींच्या अभिमानाला उपयोगी पडत होते. हे शास्त्रही हत्यारच आहे, कोणाच्या हातात आहे यावर सगळे ठरते.

बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील भाषणात आणि १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात या वंशकथेला हात घातला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांचे तेच आकडे घेतले आणि दाखवून दिले की या मापांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. महाराष्ट्रातला पुरावा तर घरचाच होता. महारांची आणि मराठ्यांची कुळे बव्हंशी सारखी आहेत. आडनावे आणि देवके ज्याने पाहिली आहेत त्याला हे कळायला परदेशी जावे लागत नाही.

याच ग्रंथात त्यांनी अस्पृश्य हे पूर्वीचे पांगलेले लोक आणि बौद्ध होते, असा सिद्धांत मांडला. आपण तो अभिमानाने सांगतो. सांगताना एक लक्षात ठेवावे. पुरावा तुटक आहे, दुवे तर्काने जोडावे लागले आहेत, हे त्यांनी स्वतः प्रस्तावनेत मोकळेपणाने मांडले आहे. आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीलाही त्यांनी तोच नियम लावला.

रोहिणीचे पाणी

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने घर का सोडले, या प्रश्नाला परंपरेने दिलेले उत्तर सर्वांना माहीत होते: म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिले म्हणून. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण किंवा मृत्यू पाहिलाच नव्हता, हे बाबासाहेबांना पटेना. शतकानुशतकांची, आदरणीय, सुंदर कथा त्यांनी बाजूला ठेवली.

त्या जागी त्यांनी रोहिणी नदीचा वाद ठेवला. शाक्य आणि कोलिय दोघेही त्या नदीचे पाणी शेतीला घेत. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या माणसांत मारामारी झाली, लोक जखमी झाले. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. तरुण सिद्धार्थाने विरोध केला. आक्रमण कोणी केले याची आधी चौकशी व्हावी, असे त्याचे म्हणणे होते. आपल्या माणसांनीही आगळीक केल्याचे त्याच्या कानावर होते आणि तसे असेल तर आपणही निर्दोष नाही, हे त्याने भर संघात सांगितले. दोन्हीकडचे दोन-दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांनी वाद मिटवावा, असा त्याचा प्रस्ताव होता. तो फेटाळला गेला आणि त्याने परिव्रज्या पत्करली.

पुढे दोन्हीकडे समेट झाल्याची बातमी त्याला कळते, पण तो परतत नाही. एक युद्ध टळले तरी माणसांमाणसांतला, वर्गावर्गांतला संघर्ष रोज चालूच असतो आणि त्याचे मूळ शोधायला हवे, असे त्याला वाटते.

पाण्यावरून झालेली मारामारी, रक्षणाच्या नावाने मागितलेले युद्ध आणि आधी चौकशी करा म्हणणारा एक माणूस. महाड पाहिलेल्या बाबासाहेबांनी ही कथा धम्माच्या सुरुवातीला का ठेवली असेल, हे मी वाचकांवरच सोडते.

आपल्या हातातला फोन

खैरलांजीत २००६ मध्ये एकाच कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीला जी गोष्ट पसरवली गेली ती अनैतिक संबंधांची होती. जमिनीचा वाद, पोलिसांसमोर दिलेली साक्ष, गावाचा राग हे मागे ढकलले गेले. कार्यकर्त्यांनी गावात जाऊन, माणसांशी बोलून, घटनांचा क्रम लावला तेव्हा चित्र पुढे आले. तरीही न्यायालयात अॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. पहिल्या दिवशीची गोष्ट किती काळ पाठ सोडत नाही, याचे हे दुःखद उदाहरण आहे.

आज अफवेला दोन तास लागत नाहीत. म्हणून तरुण मित्रांनो, घटना घडली की पुढे पाठवायच्या आधी जागेवर जा. जाता येत नसेल तर जाणाऱ्याची वाट पाहा. आधी काय घडले आणि नंतर काय सांगितले गेले, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. ती गोष्ट सर्वांत आधी कोणाकडून ऐकली, हे प्रत्येकाला विचारा. ती खरी मानल्याने कोणाचा बचाव होतो, ते पाहा. ठराव, सातबारा, तक्रारीची प्रत, दवाखान्याचा कागद यांपैकी जे मिळेल ते त्याच दिवशी मिळवा. बायकांशी वेगळे बोला, कारण गर्दीत त्या बोलत नाहीत. मारहाण थांबल्यावर महिन्याभराने पुन्हा जा आणि मजुरी, दूध, किराणा सुरू आहे का ते बघा.

शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे. आपल्याही माणसाने काही चूक केली असेल तर ती लिहा. एका वस्तीच्या अहवालातून आपल्या पोरांनी केलेली दगडफेक मी एकदा वगळली होती. समाजाचे नुकसान होईल असे वाटले. पुढे तीच गोष्ट समोरच्यांनी बाहेर काढली आणि आमचा अख्खा अहवाल खोटा ठरवला. जखमी झालेल्या बाईची खरी साक्षही त्यात बुडाली. रोहिणीकाठच्या त्या चौकशीचा अर्थ मला तेव्हा कळला.

२०२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतील. कळंबोलीहून गाड्या जातील, गाणी होतील, तळ्याकाठी मेणबत्त्या लागतील. या वेळी गाडीत मुलांना ती दुपारही सांगू या. अफवा कशी उठली, कोणाच्या उपयोगी पडली आणि बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरून धरत तिचा दहा वर्षे पाठपुरावा कसा केला, हे त्यांना कळू द्या.